धोंड्याच्या महिन्यातला गृहपाठ

२८ ऑगस्ट १९७४, बुधवार

आजपासून मी दैनंदिनी लिहिणार. लेखनवर्गाच्या वेणीमाधव सरांनी सांगितलंय, ज्याला लेखक व्हायचंय त्यानं रोज स्वतःशी खरं बोलावं. ही कुणी वाचणार नाही, तपासणार नाही. तेव्हा खरंच सांगून टाकतो: वर्गात माझ्याइतकं बरं कुणी लिहीत नाही आणि सरांना ते अजून कळलेलं नाही.

यंदा सोलापुरात, आमच्या कॉलेजात सेमिस्टर आलंय. ते काय असतं हे प्राचार्यांनाही नीट सांगता येत नाही, पण मधेच सुट्टी मिळते एवढं सगळ्यांना समजलं. त्या सुट्टीवर सरांनी पाणी ओतलं. गृहपाठ दिला. बी.ए.च्या मुलांना गृहपाठ! म्हणाले, "तुमच्या लेखनाला गिरणीच्या धुराचा वास येतो, मातीचा येत नाही." सर मूळचे पुण्याचे, मातीशी त्यांचा संबंध गॅलरीतल्या कुंड्यांपुरता. पण हुकूम सुटला. प्रत्येकानं खेड्यात जाऊन राहायचं, एक माणूस निवडायचा, त्याचं निरीक्षण करायचं आणि कथा लिहायची. उत्तम कथा कॉलेजच्या वार्षिकात छापणार.

निरीक्षण कसं करावं याचा सायक्लोस्टाइल केलेला कागदही दिलाय. पूर्ण नाव विचारा. शिक्षण विचारा. स्वयंपाकात काय येतं, शिवणटिपण येतं का, आवड कशाची, ते विचारा. दोन ओळी लिहायला लावून अक्षर पाहा. चालायला सांगा, चालीवरून स्वभाव कळतो. शेवटी, आयुष्यात काय व्हायचंय ते विचारा. शास्त्रीय काम आहे, सर उगाच एम.ए. नाहीत.

माझ्या मागच्या प्रत्येक कथेवर लाल शाईत "अनुभव तोकडा" असा शेरा आहे. या खेपेला दुःख गाठायचंच. अस्सल, खेड्यातलं.

३० ऑगस्ट, शुक्रवार, टेंभुर्णी

दादांनी, म्हणजे वडिलांनी, त्यांच्या लहानपणच्या मित्राला, रामहरीकाकांना, कार्ड टाकलं होतं: "चि. एकनाथ अभ्यासासाठी येत आहे." काकांचं घर टेंभुर्णीच्या फाट्यावर. एस्टीतून उतरलो आणि सगळा बेतच फसला. कसलं दुःख नि कसलं काय! पुढे टायर पंक्चरचं दुकान, शेजारी चहाचं हॉटेल, मागे ऐसपैस घर, अंगणात मोटारसायकल, ओट्यावर रेडिओ. ट्रकवाले रांग लावून उभे आणि काका टायरवर बसून हसतायत. मागच्या दुष्काळात तरी काही झालं असेल म्हणून विचारलं, तर म्हणाले, "झालं की! खडीचे ट्रक इतके यायला लागले, मला दुसरा पंप घ्यावा लागला." दादांना धड मित्रसुद्धा निवडता आला नाही.

मी काकांना स्पष्ट सांगितलं: लेखनाचा गृहपाठ करायला आलोय, घरातल्या एका माणसाचं निरीक्षण करीन, प्रश्न विचारीन.

"कुणाचं?" काकांनी विचारलं.

घरात माणसं तीन. काका, मथुराकाकू आणि मुलगी लीला. काकांवर कथा होण्यासारखी नाही, काकूंना भाकऱ्यांतून उसंत नाही. "लीलाचं," मी म्हणालो.

काका काकूंकडे बघून हसले. काकूंनी डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला. काका म्हणाले, "अभ्यास व्हय? कळलं, कळलं. धोंड्याचा महिना हाय, उघड बोलायचं न्हाय. तुमी करा निवांत अभ्यास, एकनाथराव."

अधिक महिन्यात लग्नकार्याचं नाव काढत नाहीत हे मला ठाऊक होतं. साहित्याचंही काढत नाहीत हे नवीन. टिपून ठेवलं. आणि मला एकनाथराव आजवर कुणी म्हटलं नव्हतं. खेड्यात अजून लेखकाला मान आहे म्हणायचा.

३१ ऑगस्ट, शनिवार

सकाळी लीलाचं निरीक्षण केलं. नेहमीच्या कपड्यांत यायला सांगितलं होतं, तर ही जरीची साडी नेसून, पोह्यांची बशी घेऊन आली आणि खाली मान घालून बसली. काकू दाराआड. शेजारच्या सारजाबाई खिडकीत. इतक्या लोकांत निरीक्षण कसं करायचं? पण मी कागद काढला आणि सुरू केलं.

नाव लीला रामहरी ढवळे. मॅट्रिक, फर्स्ट क्लास. स्वयंपाक सगळा येतो. शिवण येतं. अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे, पण ते सोडा. मग दारापर्यंत चालायला सांगितलं. आतून काकू म्हणाल्या, "हळू चाल गं." खिडकीतून सारजाबाईंनी, "पोरगी लाखात एक हाय हो," असं उगाचच सांगितलं. गावच्या बायकांना कामात नाक खुपसायची भारी हौस.

शेवटचा प्रश्न, काय व्हायचंय? तेव्हा तिनं पहिल्यांदा मान वर केली.

"नर्स," म्हणाली. "सोलापूरला कोर्स हाय. नऊ तारखेला मुलाखतीला बोलावलंय. पण माझा बाप, बापू, न्हाय म्हणतोय. माळशिरसच्या आबासाहेबांच्या पोरानं मला पसंत केलंय. धोंडा सरला की सुपारी फोडायची म्हणतोय. एकदा सुपारी फुटली की संपलंच की माझं."

हे मी लिहून घेतलं नाही. नर्स हा शहरी विषय झाला, सरांना मातीचा वास हवाय.

"हे परश्न समद्यांनाच विचारता?" तिनं विचारलं.

"छे, फक्त तुम्हालाच." दाराआड काकूंच्या बांगड्या वाजल्या.

"आन् हे खरंच अभ्यासाचं हाय?"

मी तिला सरांचा कागद दिला. तिनं तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि पदराचा बोळा तोंडात कोंबून हसायला लागली. डोळ्यांतून पाणी आलं. मग कागदाची घडी घालून परत दिली आणि हळूच म्हणाली, "ह्यो कागद आजून कुणाला दावू नका. आन् लगेच जाऊ नका, ऱ्हावा की आठवडाभर."

माझ्या बोलण्याचा एवढा परिणाम इतक्या लवकर कुणावर झाला नव्हता.

२ सप्टेंबर, सोमवार

माझी कीर्ती फाट्यावर पसरली. दिवसभर माणसं मला बघायला येतायत. बघतात, बसतात, चौकशी करतात. सोलापुरात घर स्वतःचं की भाड्याचं? दादांना पेन्शन आहे का? मी थोरला की धाकटा? सुपारीचं खांड तरी खातो का? एका म्हाताऱ्यानं तर माझा दंड दाबून पाहिला. लेखकाच्या खासगी आयुष्यात वाचकांना इतका रस असतो हे मी ऐकून होतो.

दुपारी जेवायला धोंडे. पुरण भरून उकडलेले, वर तुपाची धार. आमच्या घरी लग्न झालेली मुलगी नाही, त्यामुळे जावयासाठी करायचा हा पदार्थ कधी ताटात पडला नव्हता. काकूंनी आग्रह करकरून वाढले. "जावई नसूनही खातोय," असा विनोद मी केला. त्यावर काकू इतक्या लाजल्या आणि काका इतके मोठ्यानं हसले की मला माझ्या विनोदबुद्धीबद्दल नव्यानं आदर वाटला. पाककृती टिपून घेतली.

४ सप्टेंबर, बुधवार

कथा झाली! नाव 'काळी विहीर'. नायिका खेड्यातली, मुकी सोसणारी. बाप दारुडा आणि निर्दय. तो तिला एका थेरड्याला देतो आणि ती विहिरीत उडी घेते. शेवटच्या परिच्छेदाला माझेच डोळे भरून आले.

संध्याकाळी ओट्यावर लीलाला वाचून दाखवली. ती शेंगा फोडत ऐकत होती. शेवट झाला, मी थांबलो. वाटलं, आता रडेल.

"हिला इहिरीत कशाला ढकललंत?" म्हणाली.

"मी नाही ढकललं, परिस्थितीनं ढकललं."

"पण खेड्यातली हाय न्हवं? मग पोहायला येत आसंल की. मला येतंय. फाट्यावरच्या समद्या पोरींना येतंय. पडली तर चार हात मारून वर यील."

तिला सांगितलं की ही विहीर प्रतीक आहे. म्हणाली, "मग पाणी किती हाय त्यात?" असल्या माणसाशी काय बोलायचं? नंतर मात्र गंभीर होऊन म्हणाली, "ही पोरगी एकदाबी कुणाला सांगत न्हाय, मला हे नको म्हणून. मी वरीसभर सांगतीया."

मी शेवट बदलला नाही. वाचकाच्या पायरीवर लेखकानं उतरू नये.

५ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी माळशिरसहून आबासाहेबांचा माणूस आला होता. दुकानात बरीच बाचाबाची झाली. मी मागच्या खोलीत होतो, पण काकांचा आवाज म्हणजे ट्रकचा भोंगा. "आता आमचं सोलापूरला ठरतंय," असं त्यांनी त्याला ठणकावलं. तो म्हणाला, "मग बसा सोलापूरला. आमाला पोरींची वाण न्हाय, धोंडा सरताच दुसरीकडं सुपारी फोडतो," आणि चहासुद्धा न घेता गेला.

म्हणजे काकांनी नर्सच्या कोर्सला होकार दिला म्हणायचा! मी धावत जाऊन लीलाला सांगितलं: अभिनंदन, माळशिरस टळलं, तुमचं सोलापूरला ठरलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "तुमी लई भोळे हाय बगा." कौतुकानं म्हणाली असावी.

७ सप्टेंबर, शनिवार

कुठून बुद्धी झाली आणि टेंभुर्णीला आलो!

दुपारचं जेवण चाललं होतं. काका म्हणाले, "मग एकनाथराव, झाला का अभ्यास? आता दादांना कवा बोलावू? तेवढा धोंडा सरू द्या, सुपारी फोडू."

"कुणाची?" मी विचारलं.

काका हसले. काकू हसल्या. मग हळूहळू दोघांचं हसणं थांबलं, आणि तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. पोहे. जरीची साडी. धोंडे!  मी म्हणालो, "काका, शपथ घेतो, मी मुलगी बघायला आलोच नव्हतो. खरंच गृहपाठ होता." आणि पुरावा म्हणून सरांचा कागद पुढे केला. गाढवपणा!

काकांनी तो मोठ्यानं वाचला. "स्वयंपाकात काय येतं. शिवणटिपण. अक्षर. चालायला सांगा." मग कागद ताटाशेजारी ठेवून म्हणाले, "हे कालेजात शिकवत्यात? फी घिऊन?"

"हो."

"आरं एकनाथ्या!" ते उठले. एकनाथराव तिथंच संपले. "अख्खा फाटा बगून गेला तुला. आता लोक काय म्हणतील? सोलापूरचा पोरगा आठवडाभर खाऊन, माझ्या पोरीला टाकून गेला म्हणतील. तुझ्यापायी माळशिरस घालवलं मी!"

तेवढ्यात लीला भाकरी घेऊन बाहेर आली. आवाज अगदी शांत. "बापू, माळशिरस गेलं, सोलापूर बी गेलं. आता तरी मला नर्सला जाऊ दे."

"गप घरात बस! आजून कुटं जाऊन तोंड काळं करायचं ऱ्हायलंय?"

मी पिशवी भरली. एस्टीपर्यंत सोडायला कुणी आलं नाही. मागच्या दारानं लीलाच आली. म्हणाली, "तुमच्यावर उगा आलं. मला पहिल्याच दिवशी कळलं हुतं, बापू काय समजलाय ते. तुमी ऱ्हाताय तंवर माळशिरसला कुणी व्हय म्हणणार नव्हतं, म्हणून मी गप बसले."

मला भयंकर राग आला. मी तिच्यावर कथा लिहीत होतो आणि ती मला वापरत होती. निदान विचारायचं तरी.

९ सप्टेंबर, सोमवार

कॉलेज सुरू. 'काळी विहीर' सरांकडे दिली.

संध्याकाळी घरी येतो तर मथुराकाकू आणि लीला आमच्या बैठकीत! सिद्धेश्वराच्या दर्शनाला जातो असं काकांना सांगून आल्या आणि सरळ मुलाखतीला गेल्या. काकूंनी हे धाडस केलं यावर माझा विश्वास बसेना. त्या घाबरल्या होत्या पण डोळे चमकत होते. "घेतलं पोरीला," म्हणाल्या. "पण तितंच ऱ्हायचं हाय, म्हणून बापानं सोता येऊन संमती द्यायची म्हणत्यात. शनवारच्या आत. न्हाय तर दुसरीला घेणार."

लीला म्हणाली, "तुमी एकदा येऊन बापूला सांगा, मला नापसंत केलं न्हाय म्हणून. त्याला तेच लागलंय. माझं तर तो ऐकूनच घेत न्हाय."

मी "बघतो" म्हणालो. इथं खरं लिहायचं असतं, तेव्हा लिहितो: काकांच्या हातात दिवसभर टायर काढायची पहार असते. मी जाणार नाही.

११ सप्टेंबर, बुधवार

सरांनी वर्गात 'काळी विहीर' पूर्ण वाचली. वाचताना त्यांचा आवाज कापला. "याला म्हणतात मातीचा वास," म्हणाले. "या मुलानं खेड्यातली स्त्री जवळून पाहिलीय." टाळ्या पडल्या. वार्षिकात पहिल्या पानावर छापणार. शेरा: "अनुभव सखोल."

इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते झालं आणि मला मेलं काही गोड लागेना. तास संपल्यावर सरांना गाठून सांगितलं, "सर, ती मुलगी खरी आहे. जिवंत आहे. तिला नर्स व्हायचंय. शेवट बदलू का?"

सर दचकले. "नर्स? वेडा आहेस का? विहीर काढलीस तर कथेत राहतं काय?"

"ती राहते की, सर."

"हे बघ, एकनाथ," त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, "जगली की ती चारचौघींसारखी होते. चारचौघींवर कोण लिहितो?"

घरी आलो. आईनं विचारलं, ती लीला दिसायला कशी आहे रे, परवा दिव्याच्या उजेडात नीट पाहिली नाही. मी सांगायला लागलो आणि लक्षात आलं, मी कथेतलीच वाक्यं म्हणतोय. 

१३ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळच्या एस्टीनं टेंभुर्णीला गेलो. 

काका दुकानात एकटेच होते. पाण्याच्या पिंपात ट्यूब बुडवून कुठून हवा जाते ते बघत होते. पहार शेजारीच होती. मी लांबच उभा राहिलो आणि पाठ केलेलं एका दमात म्हणून टाकलं. "काका, चूक माझी. मी लीलाला नापसंत केलेलं नाही. मी बघायलाच आलो नव्हतो."

काकांनी वर बघितलं नाही. "नापसंत केलं असतंस तर सोसलं असतं मी. पोरीच्या बापाला सोसावं लागतं. कोण व्हय म्हणतं, कोण न्हाय म्हणतं. पण आठवडाभर माझ्या पोरीम्होरं बसलास. तिच्या हातचं खाल्लंस. तिला चालवलंस, लिव्हायला लावलंस. आन् म्हणतोस बगितलंच न्हाय? मग बगत काय हुतास रं?"

  ते पहार घेऊन धावले असते तर बरं झालं असतं.

"तू लिव्हणारा न्हवं? मग सांग. कशी हाय माझी पोर?"

मी तोंड उघडलं. मुकी, सोसणारी, असले शब्द आले, ते गिळले. मग एकच खरं सापडलं.

"तिला नर्स व्हायचंय, काका. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तिनं मला. मी लिहूनसुद्धा घेतलं नाही."

काकांचे हात पिंपातच थांबले. रस्त्यावरून दोन ट्रक गेले, त्यातल्या एकानं हात केला, तिकडेही त्यांचं लक्ष नव्हतं.

"मला बी सांगितलं हुतं," ते म्हणाले. "वरीसभर सांगतीया."

त्यांनी ट्यूब तशीच पाण्यात सोडली, हात पुसले आणि घराकडे तोंड करून ओरडले, "मथुरे, माझी धुतलेली टोपी काढ. सोलापूरला जायाचं हाय."  आतून एकदम काहीतरी खाली पडल्याचा मोठा आवाज आला, आणि लीला दारात आली. हात पिठात. उंच आहे, माझ्याएवढी. उजव्या भुवईत एक जुनी खूण आहे. ती बापाकडे बघत होती. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

एस्टीत काका खिडकीशी बसले, मी शेजारी. मोडनिंब मागं पडलं. मग बाहेर बघतच म्हणाले, "लीला म्हणत हुती, तू गोष्ट लिव्हलीस. त्या गोष्टीत तिचा बाप कसा हाय?"

वार्षिकाची छपाई सोमवारी सुरू होणार आहे. पहिलं पान.

"तो अजून नीट लिहून झाला नाही, काका," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि टोपी सारखी केली. सोलापूर येताच मी त्यांना हॉस्पिटलच्या ऑफिसात सोडलं आणि तसाच छापखान्याकडे गेलो.